वळवलेले विमान

नाशिकला येणारे आमचे विमान ओझरच्या धावपट्टीवर उतरण्याऐवजी पुन्हा वर चढू लागले, तेव्हा मागच्या दारापाशी बसलेल्या हवाई सेविकेचे ओठ हलत होते. तळहात मांड्यांखाली घेऊन, डोके मागे टेकवून आणि पावले जमिनीवर घट्ट रोवून ती बसली होती. तिची नजर कुणा एकावर नव्हती, पण ती हरवलेलीही नव्हती. मी शेवटच्या काही रांगांपैकी एका रांगेत वाटेकडेच्या सीटवर होते. खिडकीपाशी निफाडकडच्या एक आजी होत्या आणि आमच्या दोघींमध्ये त्यांचा नातू झोपला होता. आजींनी मागे वळून त्या मुलीकडे बराच वेळ पाहिले आणि माझ्याकडे झुकून हलक्या आवाजात त्या म्हणाल्या, "पोरगी रामरक्षा म्हणती बघा. म्हणजे काहीतरी बिघडलंय." त्यांच्या आवाजात भीती होती, आणि आपल्यासाठी कुणीतरी प्रार्थना करत आहे याचे समाधानही होते. त्या हलणाऱ्या ओठांनी पुढे कित्येक दिवस माझी पाठ सोडली नाही.

काहीतरी बिघडले होते, हे खरेच होते. उतरण्याच्या वेळी खिडकीतून पंखाकडे पाहण्याची मला लहानपणापासूनची सवय आहे. धावपट्टी जवळ येऊ लागली की पंखाच्या मागच्या कडेच्या रुंद पट्ट्या घरघर करत मागे सरकतात आणि खाली झुकतात. पाण्यावर उतरणारा बगळा पंख पसरून आपला वेग मारतो, तसे हे फ्लॅप विमानाला कमी वेगातही हवेत तोलून धरतात. त्या संध्याकाळी खाली जानोरीच्या बाजूच्या द्राक्षबागा आणि शेततळ्यांचे निळे चौकोन स्पष्ट दिसू लागले, तरी ती घरघर ऐकू आली नाही आणि पंखाची कड सरळच राहिली. मग इंजिनांचा आवाज एकदम भरून आला, पाठ सीटमध्ये रुतली आणि शेततळी लहान होत गेली. त्यानंतर आम्ही घिरट्या घालू लागलो. पालखेड धरणाचे पाणी एकाच खिडकीतून पुन्हा पुन्हा येत होते आणि दर खेपेला आधीपेक्षा काळसर दिसत होते. पुढून कुणीतरी मोठ्याने विचारले, "अहो, सांगाल की नाही काय चाललंय ते?" उत्तर आले नाही. पट्टे बांधून बसून राहण्याची सूचना झाली आणि पुन्हा शांतता पसरली.

त्या शांततेत मला दोन गोष्टी दिसल्या. वरिष्ठ सेविका उठून भिंतीवरच्या फोनपाशी गेली. तिने पलीकडचे बोलणे पूर्ण ऐकून घेतले आणि मग ऐकलेले सगळे शब्द सावकाश परत म्हणून दाखवले. फोन ठेवण्याआधी तिने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले. नंतर तिने मागच्या मुलीलाही तेवढ्याच मोजक्या शब्दांत काहीतरी सांगितले, त्या मुलीनेही ते परत म्हणून दाखवले आणि तिनेही घड्याळ पाहिले. बऱ्याच वेळाने कॅप्टनचा आवाज आला. फ्लॅप अपेक्षेप्रमाणे उघडत नसल्यामुळे विमानाला नेहमीपेक्षा जास्त वेगाने उतरावे लागेल, त्यासाठी अधिक लांबीची धावपट्टी हवी आणि म्हणून आपण मुंबईला जात आहोत, इतकेच त्याने सांगितले. त्या आवाजात गोडवा नव्हता आणि घाईही नव्हती.

मुंबईला विमान टेकले तेव्हा बाहेरचे दिवे इतक्या वेगाने मागे पळत होते की आजींनी माझे मनगट धरले. ब्रेक लागताच सगळे शरीर पट्ट्यावर आले. धावपट्टीच्या कडेने अग्निशमन दलाच्या गाड्या आमच्याबरोबर धावत होत्या. विमान थांबले, काही हात टाळ्यांसाठी वर आले आणि क्षणभर सगळे एकमेकांकडे कृतज्ञतेने पाहू लागले. तो क्षण फार टिकला नाही. नाशिकला जाण्यासाठी बस मिळेल, पण तिला वेळ लागेल, असे कळल्यावर मघाशी देवाचे नाव घेणारी माणसेच दारापाशी उभ्या असलेल्या त्या मुलींवर ओरडू लागली. ओझरला धावपट्टी नाही का, आमची माणसे तिथे गाड्या घेऊन उभी आहेत त्यांचे काय, रात्री कसारा घाटातून जायला लावणार का, असे प्रश्न सुरू झाले. त्या मुली हात जोडून प्रत्येकाला तेच उत्तर देत राहिल्या.

मला त्या ओरडण्याचा आजही राग येतो.

हलणाऱ्या ओठांचा उलगडा माझ्या भाचीने केला. ती नाशिकरोडला आमच्या घराजवळच वाढली आणि सध्या केबिन क्रूचे प्रशिक्षण घेते आहे. मी तिला आजींचे बोलणे सांगितले, तेव्हा ती हसली नाही. "मावशी, ती मनातल्या मनात उजळणी करत होती," ती म्हणाली. प्रत्येक उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी केबिन क्रूने ही मूक उजळणी करायची असते. आपले दार कोणते, ते उघडायचे कसे, बाहेर घसरगुंडी सुटली नाही तर कोणती मूठ ओढायची, लोकांना द्यायच्या आज्ञा कोणत्या, आधार द्यावा लागेल अशी माणसे कुठे बसली आहेत आणि मदतीला घेता येतील अशी धडधाकट माणसे कुठे आहेत, हे सगळे त्या अर्ध्या मिनिटात मनाशी म्हणायचे असते. धक्का बसल्यानंतर आठवायला वेळ मिळत नाही, म्हणून ते आधीच ओठांवर आणून ठेवायचे. फोनवरच्या बोलण्याचाही क्रम ठरलेला असतो, हे तिच्याचकडून कळले. काय झाले आहे, आता काय करणार आहोत, हाताशी किती वेळ आहे आणि वेगळ्या सूचना काही आहेत का, या क्रमाने कॅप्टन सांगतो आणि ऐकणाऱ्याने ते तसेच्या तसे परत म्हणायचे असते. घड्याळाकडे टाकलेली नजर त्या वेळेसाठी होती.

कॅप्टन इतका वेळ गप्प का होता, याचेही उत्तर त्यांच्या शिस्तीतच आहे. वैमानिकांना पहिल्या दिवसापासून एक क्रम शिकवला जातो. आधी विमान उडवत ठेवायचे, मग ते कुठे न्यायचे ते पाहायचे आणि त्यानंतर बोलायचे. दोघांपैकी एकाच्या हाती विमान असते, तर दुसरा बिघाडाची चेकलिस्ट वाचत, प्रत्येक ओळ तपासत पुढे जातो. प्रवाशांना काय सांगायचे याची पाळी या सगळ्यानंतर येते. हा क्रम कुणाच्या लहरीतून आलेला नाही. 29 डिसेंबर 1972 च्या रात्री मायामीजवळ एका विमानाच्या पुढच्या चाकाचा दिवा लागला नाही. कॉकपिटमधले सगळे त्या एका दिव्यामागे लागले. ऑटोपायलटने, म्हणजे विमान आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेने, उंची धरून ठेवणे केव्हाच सोडले होते आणि विमान हळूहळू खाली जात होते, हे कुणाच्याच ध्यानात आले नाही. दलदलीत कोसळलेल्या त्या विमानातली शंभरहून अधिक माणसे गेली. बिघडला होता तो एक लहानसा दिवा. विमान सगळ्या बाजूंनी धड होते, ते उडवण्याकडे मात्र कुणीच पाहत नव्हते.

याहून जास्त मला अस्वस्थ करते ती 28 डिसेंबर 1978 ची अमेरिकेतल्या पोर्टलंडची घटना. चाके उतरवताना मोठा धक्का बसला, म्हणून कॅप्टनने उतरणे लांबवले. केबिनची तयारी नीट व्हावी आणि कुणाला इजा होऊ नये, याची काळजी घेत तो शहराच्या आसपास सुमारे तासभर घिरट्या घालत राहिला. इंधन संपत आले आहे हे सहवैमानिक आणि कॉकपिटमध्ये बसून यंत्रांवर लक्ष ठेवणारा फ्लाइट इंजिनिअर, दोघांनाही दिसत होते. त्यांनी ते सुचवलेही, पण कॅप्टनला थांबवून ठणकावून सांगितले नाही. शेवटी एकेक इंजिन बंद पडले आणि विमान वस्तीत कोसळले. 189 जणांपैकी 10 जण गेले, त्यांत तो फ्लाइट इंजिनिअरही होता. मनाने चांगला, सावध असलेला कॅप्टन आणि त्याचा मान राखणारे सहकारी यांच्या हातून हे झाले. वरिष्ठांपुढे आवाज चढवू नये, असे ज्यांना लहानपणापासून शिकवले जाते अशा आपल्यासारख्यांनी हा प्रसंग पुन्हा पुन्हा वाचावा असे मला वाटते. त्यानंतरच्या वर्षांत कॉकपिटमधल्या माणसांनी एकमेकांशी कसे बोलायचे याचे रीतसर प्रशिक्षण सुरू झाले. कनिष्ठाने शंका स्पष्ट शब्दांत मांडायची, ऐकले गेले नाही तर पुन्हा मांडायची आणि कॅप्टनने ती ऐकून घ्यायची, हा आता शिष्टाचाराचा भाग उरलेला नाही, तो कामाचा भाग आहे.

हे सगळे वाचताना मला आमच्या ओझरच्या टाउनशिपमधले दिवस आठवतात. बाबा एच.ए.एल.मध्ये, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्स या विमाने बनवणाऱ्या सरकारी कंपनीत, फिटर होते. 1964 मध्ये मिग-21 ही लढाऊ विमाने बनवण्यासाठी उभा राहिलेला तो कारखाना आमच्या घराचा श्वास होता. मिगने आफ्टरबर्नर, म्हणजे इंजिनाला जादा जोर देणारी ज्वाला, लावून झेप घेतली की खिडक्यांच्या काचा थरथरत, फळीवरच्या स्टीलच्या ताटल्या एकमेकींवर किणकिणत आणि आई बोलता बोलता वाक्य अर्धे सोडून आवाज ओसरण्याची वाट पाहत असे. बाबा कधी कधी फार उशिरा घरी येत. कारण बहुतेक वेळा एकच असे, हत्यारांची मोजणी जुळली नाही. हँगरमध्ये लाकडी फळीवर प्रत्येक पान्याची आणि पक्कडीची बाह्यरेषा रंगवलेली असे. पाळी संपली की प्रत्येक हत्यार आपल्या रेषेत परतलेच पाहिजे. एखादी रेषा रिकामी दिसली, तर ते हत्यार सापडेपर्यंत त्या विमानाचे काम बंद राही आणि कुणीही घरी जात नसे. इतक्या उशिरापर्यंत थांबवले म्हणून बाबा कधी चिडले असतील, पण ज्याच्या हातून हत्यार राहिले त्याला त्यांनी दोष दिल्याचे मला आठवत नाही. "त्यानं सांगितलं म्हणून आम्ही शोधलं," एवढेच ते म्हणत. काम थांबवण्याचा अधिकार सगळ्यात नव्या पोरालाही होता, आणि तो त्याने वापरला तर त्याच्या पाठीवर हात पडत असे.

विमान मुंबईला वळवणाऱ्या कॅप्टनकडे मी याच नजरेने पाहते. मुक्काम समोर दिसत असताना तो सोडून देणे सोपे नसते. खाली दिवे लागलेले असतात, मागे घरी जायला आतुर झालेली माणसे बसलेली असतात आणि आणखी एकदा प्रयत्न करून पाहावा असे मन सांगत असते. त्या मनाला आवर घालता यावा म्हणूनच वळण्याची सोय उड्डाणाआधी करून ठेवलेली असते. ठरलेल्या ठिकाणी उतरता आले नाही तर दुसऱ्या विमानतळापर्यंत जाण्याचे इंधन आणि त्याच्याही पलीकडे अर्धा तास हवेत राहता येईल इतके राखीव इंधन टाकीत घेऊनच प्रवासी विमान निघते. म्हणजे नाशिकचे तिकीट आपण काढतो तेव्हा त्यात मुंबई किंवा दुसरे कुठले गाव आधीच धरलेले असते. सप्टेंबर 2022 मध्ये दिल्लीहून नाशिककडे निघालेले एक विमान ऑटोपायलटमधल्या बिघाडामुळे अर्ध्या वाटेवरून दिल्लीला परत नेण्यात आले, तेव्हाही इकडे बरीच चिडचिड झाली होती. नव्याने विमानसेवा मिळालेल्या गावांना विमान न येणे म्हणजे आपला अपमान वाटतो. ती भावना मला कळते, कारण ओझरला प्रवासी विमान यावे म्हणून या शहराने फार वाट पाहिली आहे. पण परतलेल्या विमानाने कुणाचेही काही हिरावून घेतलेले नसते.

काय करायचे नाही हे ठरवण्यात किती कसब लागते, याचा सर्वांत मोठा दाखला मला 4 नोव्हेंबर 2010 च्या घटनेत सापडतो. सिंगापूरहून सिडनीला निघालेल्या क्वांटास या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या ए-380 या दुमजली विमानाचे एक इंजिन उड्डाणानंतर काही मिनिटांतच फुटले आणि त्याच्या चकतीच्या तुकड्यांनी पंख, इंधनाच्या टाक्या आणि शेकडो तारा चिरल्या. एका तेलाच्या नळीच्या सदोष घडणीतून हे सगळे उद्भवले होते. विमानात 469 माणसे होती. पडद्यावर बिघाडांचे इशारे एकामागून एक येत राहिले, आणि कॅप्टन रिचर्ड डी क्रेस्पिनी आणि त्यांचे सहकारी जवळपास पन्नास मिनिटे ते एकेक करून निपटत राहिले. इशाऱ्यांचा पूर थांबेना, तेव्हा डी क्रेस्पिनींनी आपला विचार उलटा केला. काय काय बिघडले आहे हे मोजणे सोडून अजून काय चालते आहे एवढेच ते पाहू लागले आणि उरलेल्या गोष्टींवर विमान कसे उतरवता येईल याचा हिशेब त्यांनी मांडला. विमान सिंगापूरच्याच चांगी विमानतळावर उतरले आणि जवळपास चार किलोमीटरच्या धावपट्टीचे शेवटचे दीडशेच्या आसपास मीटर उरले असताना थांबले. ब्रेक तापून लाल झाले होते, पंखातून इंधन गळत होते आणि एक इंजिन काही केल्या बंद होत नव्हते. अशा वेळी घसरगुंड्या सोडून सगळ्यांना बाहेर काढावे असे कुणालाही वाटेल. त्यांनी तसे केले नाही. खाली इंधन आणि समोर चालू इंजिन असताना बाहेरची जमीन आतल्या सीटपेक्षा जास्त धोक्याची होती. अग्निशमन दलाने फेस मारून होईपर्यंत प्रवासी आतच बसून राहिले, केबिन क्रू प्रत्येक दाराशी आज्ञेची वाट पाहत सज्ज राहिला आणि मग एकाच दाराने, साध्या जिन्याने, सगळे खाली उतरले. कुणालाही खरचटले नाही. नंतर टर्मिनलमध्ये डी क्रेस्पिनी प्रवाशांसमोर उभे राहिले, त्यांच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरे दिली आणि आपला खासगी फोन नंबरही त्यांना दिला.

आपल्याकडची 2024 ची गोष्ट अनेकांच्या लक्षात असेल. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी, 11 ऑक्टोबरला, तिरुचिरापल्लीहून शारजाला निघालेल्या विमानात हायड्रॉलिकचा, म्हणजे दाबाखालच्या तेलाने चाके आणि पंखांचे भाग हलवणाऱ्या यंत्रणेचा, बिघाड झाला. आमच्या घरी झेंडूची तोरणे ओवणे चालू होते आणि टीव्हीवर ते विमान नकाशावर गोल गोल फिरताना दिसत होते. बातम्या देणाऱ्यांचे आवाज चढत गेले. "उतरवत का नाहीत एकदाचं?" असे शेजारच्या काकू पुन्हा पुन्हा विचारत होत्या. बाबांनी त्यांना समजावून सांगितले की त्या जातीच्या विमानाला हवेत इंधन सोडून देण्याची सोय नसते, भरल्या टाक्यांनिशी ते उतरण्यासाठी फार जड असते, म्हणून फिरत राहून इंधन जाळणे हेच तिथल्या वैमानिकांचे या घडीचे काम आहे. दोन तासांहून अधिक काळ ते दोघे 141 प्रवाशांना घेऊन शांतपणे फिरत राहिले आणि सव्वाआठच्या सुमारास नेहमीसारखे उतरले. काकूंनी हात जोडले. वाहिन्या दुसऱ्या बातम्यांकडे वळल्या. बाबा मात्र बराच वेळ तसेच बसून होते आणि मग म्हणाले की एवढा वेळ काहीही घाईने न करणे फार अवघड आहे.

भाचीच्या प्रशिक्षणाबद्दल नातेवाइकांत अजून दोन मते आहेत. चहापाण्याची नोकरी करायला एवढी शिकलेली मुलगी कशाला, असे एक आत्या दर सणाला विचारते. त्या आत्याला मी भाचीचे तळहात दाखवले. दार उघडण्याच्या सरावाने त्यांवर घट्टे आले आहेत. धुराने भरलेल्या खोलीतून रांगत बाहेर पडणे, आग विझवणे, पाण्यात माणसाला ओढत नेणे आणि प्रथमोपचार हे सगळे तिच्या प्रशिक्षणात येते. तिला सगळ्यात कठीण गेले ते ओरडणे. घरात तिला कधी कुणी मोठ्याने बोलू दिले नव्हते. पहिल्या सरावात प्रशिक्षकांनी तिला आज्ञा पुन्हा पुन्हा द्यायला लावल्या, कारण तिचा आवाज चौथ्या रांगेपुढे जात नव्हता. मग ती आमच्या गच्चीवर जाऊन सराव करू लागली. "पट्टे सोडा, सगळं सामान तिथंच टाका, इकडे या!" हे इंग्रजीत आणि हिंदीत ती इतक्या जोराने म्हणत असे की खालच्या मजल्यावरचे काका एकदा धावत वर आले. 2 जानेवारी 2024 ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर धावपट्टीवरच्या टकरीनंतर पेटलेल्या जपानी विमानातून 379 माणसे जिवंत बाहेर पडली, तेव्हा आतली सूचनायंत्रणा बंद पडली होती. केबिन क्रूने भोंग्याने आणि उघड्या आवाजाने माणसे बाहेर काढली, आणि आठ दारांपैकी जिथे आग नव्हती अशी तीनच दारे वापरली. भाचीने हे मला सांगितले तेव्हा तिचा घसा बसलेला होता.

आता रोज संध्याकाळी बाबा तिची परीक्षा घेतात. परवा मी चहा घेऊन गेले तेव्हा दोघे समोरासमोर बसले होते.

"दार उघडण्याआधी काय करशील?"

"बाहेर बघेन, आजोबा. आग, धूर, पाणी, काही अडथळा आहे का ते."

"आणि आग असली तर?"

"तर ते दार उघडायचं नाही. दाराला पाठ लावून उभं राहायचं आणि सगळ्यांना दुसऱ्या दाराकडे पाठवायचं."

"लोक तुला ढकलतील. त्यांना तेच दार जवळचं दिसत असतं."

"म्हणून तर ओरडायला शिकवतात."

बाबांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला. पुढचे चाक मोडून विमानाचे नाक जमिनीला टेकले असेल, तर मागच्या दाराचे काय?

"मागचा भाग वर उचलला जातो, आजोबा. घसरगुंडी फार उभी होते, कधी जमिनीपर्यंत नीट पोचतही नाही. म्हणून तिथंही आधी बाहेर बघायचं, आणि नाहीच जमलं तर लोकांना पुढं न्यायचं."